मराठी लेखनात हिब्रू आणि ग्रीक: फॉन्ट, कीबोर्ड आणि छापखान्यापर्यंतची सगळी वाट

मराठीतून बायबलचा अभ्यास करणारे लोक नागपुरात पुष्कळ आहेत. सेमिनरी हिल्सवर सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, सिव्हिल लाइन्समध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचं मुख्यालय आहे, आणि सदर, मेकोसाबाग या भागांत पाळक, उपदेशक, बीडी म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीचे विद्यार्थी घरी बसून अभ्यास करतात. हिब्रू अक्षरं वर्गात शिकून होतात, ग्रीकची रूपं पाठ होतात. अडतं ते पुढे, निबंध टाइप करायला बसल्यावर. मग कुणी शब्दाचा फोटो चिकटवतं, कुणी इंग्रजी लिप्यंतर देऊन वेळ मारून नेतं, कुणी छापून झाल्यावर मोकळ्या जागेत पेनाने अक्षरं काढतं.

हे काही करावं लागत नाही. लागणारे फॉन्ट फुकट मिळतात, कीबोर्ड विंडोजमध्येच असतात, आणि एका संध्याकाळी सगळी मांडामांड होते. मात्र या विषयावरची माहिती इंग्रजीत लिहिणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. मराठीत लिहिणाऱ्यापुढे एक जास्तीची गाठ असते: वर्डसारखे प्रोग्रॅम देवनागरी आणि हिब्रू या दोन्ही लिप्यांना फॉन्टच्या एकाच खान्यात टाकतात. ही गाठ सुटली की बाकीचं सोपं आहे. तिच्याकडे येण्याआधी पाया पक्का करू.

मजकूर युनिकोड आहे का, ते आधी बघा

कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की काय दिसतं, हे कोर्टाबाहेरच्या टायपिस्टपासून प्रेसवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आत असतात इंग्रजी अक्षरांचे कोड, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. बायबलच्या भाषांसाठीही असेच फॉन्ट वर्षानुवर्षं वापरले गेले: ग्रीकसाठी एसपी आयोनिक, हिब्रूसाठी एसपी टायबेरियन, बायबलवर्क्स या सॉफ्टवेअरचे स्वतःचे फॉन्ट, आणि काहीच नसेल तर विंडोजमधला सिम्बॉल. हिब्रूत तर हा प्रकार दुप्पट त्रासाचा होता. कॉम्प्युटरला उजवीकडून डावीकडे लिहिता येत नसे, म्हणून शब्द उलटा टाइप करायचा, शेवटचं अक्षर आधी. दोन-तीन शब्दांचं वाक्य ओळीच्या टोकाला तुटलं की उत्तरार्ध वरच्या ओळीत आणि पूर्वार्ध खालच्या ओळीत जाई.

बायबलवर्क्स कंपनी २०१८ मध्ये बंद झाली, पण तिच्या फॉन्टमधल्या नोट्स अजून पेनड्राइव्हवरून फिरतात. त्यामुळे कुणाकडून फाइल आली की पहिली परीक्षा ही: हिब्रू किंवा ग्रीक शब्द सिलेक्ट करा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. अक्षरं हिब्रू-ग्रीकच राहिली तर मजकूर युनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड आहे. त्यांची इंग्रजी अक्षरं झाली, किंवा चौकोन आले, तर फाइल जुन्या पद्धतीची आहे. कंट्रोल-झेड दाबून फॉन्ट पूर्ववत करा आणि अशा फाइलचं काय करायचं ते पुढे वाचा.

युनिकोडमध्ये हिब्रूचा पट्टा ०५९० ते ०५एफएफ असा आहे. व्यंजनं, निक्कुद म्हणजे स्वरचिन्हं, आणि वाचनाच्या तालाची तआमीम चिन्हं, सगळं त्यात बसतं. ग्रीकचे पट्टे दोन आहेत. ०३७० पासून साधी अक्षरं, आणि १एफ०० ते १एफएफएफ या पट्ट्यात श्वासचिन्हं, स्वराघात आणि खालचा छोटा आयोटा लागलेली तयार अक्षरं. नव्या करारासाठी हा दुसरा पट्टा अत्यावश्यक आहे. आजच्या ग्रीसमध्ये एकच स्वराघात वापरतात, म्हणून कित्येक फॉन्टमध्ये तो पट्टा नसतोच.

कोणते फॉन्ट घ्यायचे

हिब्रूसाठी माझी पहिली पसंती एसबीएल हिब्रू. सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर या अभ्यासकांच्या संस्थेने तो टिरो टाइपवर्क्सच्या जॉन हडसन यांच्याकडून करून घेतला. एका अक्षरावर दागेश (अक्षराच्या पोटातला ठिपका), स्वर, मेतेग (खालची छोटी उभी रेघ) आणि तआम अशी चार चिन्हं एकत्र आली तरी ती एकमेकांवर चढत नाहीत, इतकं काम त्याच्या आत केलेलं आहे. त्याच संस्थेचा एसबीएल ग्रीक आहे, आणि हिब्रू, ग्रीक व रोमन तिन्ही एकत्र असलेला एसबीएल बिबलिट आहे. नवख्या माणसाने सरळ एसबीएल बिबलिट घ्यावा, एका फॉन्टमध्ये काम होतं.

एक अट मात्र लक्षात असू द्या: हे फॉन्ट बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत आहेत. विक्रीसाठी पुस्तक काढणार असाल तर परवाना आधी वाचा, नाहीतर खुल्या परवान्याचे फॉन्ट घ्या. हिब्रूसाठी एझ्रा एसआयएल आहे, त्याची ठेवण बिब्लिया हेब्राइका श्टुटगार्टेन्सिया या हिब्रू जुन्या कराराच्या छापील आवृत्तीतल्या अक्षरांसारखी आहे. ग्रीकसाठी जेंटियम प्लस आहे. दोन्ही भाषांसाठी मिळून डेव्हिड पेरी यांचा कार्डो आहे.

मराठी मजकुरासाठी मी टिरो देवनागरी मराठी सुचवेन. तो गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे आणि एसबीएल हिब्रू घडवणाऱ्या टिरो टाइपवर्क्सचाच आहे. दोन्ही एका पानावर शेजारी शोभून दिसतात. मंगल किंवा निर्मला यूआयच्या जाड, सरळ रेषांशेजारी हिब्रूचे नाजूक ठिपके हरवून जातात.

फॉन्ट पसंत करण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्या. हिब्रूत तीन गोष्टी टाइप करून मोठ्या आकारात बघा: शेवटी येणारा काफ, ज्याच्या पोटात कामेत्स हा स्वर बसतो, दागेश असलेला शिन, ज्यात आतला ठिपका आणि वरचा ठिपका दोन्ही येतात, आणि यरुशलेम हा शब्द, ज्यात लामेदखाली पताह आणि हिरिक असे दोन स्वर शेजारी उभे राहतात. चिन्ह बाजूला घसरलं किंवा दोन चिन्हं एकमेकांत मिसळली तर तो फॉन्ट अभ्यासाच्या कामाचा नाही. ग्रीकसाठी मत्तय १७:५ मधला संबंधी सर्वनामाचा ओमेगा घ्या. त्या एका अक्षरावर जोरदार श्वासचिन्ह, परिस्पोमेनी हा वळणदार स्वराघात आणि खाली आयोटा असं सगळं आहे. ते अक्षर शेजारच्या अक्षरांपेक्षा जाड किंवा बारीक दिसलं तर समजा की तुमच्या फॉन्टमध्ये ते नाही, कॉम्प्युटरने दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणलं आहे.

फॉन्ट आणि कीबोर्ड बसवणं

फॉन्टची झिप फाइल उतरवून घ्या आणि आधी एक्स्ट्रॅक्ट करा. झिपच्या आतूनच उघडून बसवायला गेलं की पुढे घोळ होतो. आतल्या टीटीएफ फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडा. वर्ड उघडं असेल तर बंद करून पुन्हा उघडा. एवढंच.

कीबोर्डसाठी विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, तिथून लँग्वेज. ‘ॲड अ लँग्वेज’मधून हिब्रू आणि ग्रीक घाला. ‘सेट ॲज डिस्प्ले लँग्वेज’ला टिक करू नका, नाहीतर सगळे मेनू हिब्रूत दिसू लागतील. आता ग्रीकच्या पर्यायांत जाऊन ‘ॲड अ कीबोर्ड’ करा आणि ग्रीक पॉलिटॉनिक निवडा. साधा ग्रीक कीबोर्ड तिथे आपोआप आलेला असतो, तो काढून टाका. त्यातून श्वासचिन्हं येत नाहीत आणि तो मध्येच निवडला जाऊन वेळ खातो. हिब्रूच्या पर्यायांत हिब्रू स्टँडर्ड ठेवा. त्यात उजवीकडचं ऑल्ट धरून स्वरचिन्हं देता येतात.

हिब्रू घातल्यावर ‘ऑप्शनल फीचर्स’मधून हिब्रू सप्लिमेंटल फॉन्ट्सही मिळतात. त्यात डेव्हिड, फ्रँकरूल, नार्किसिम असे फॉन्ट येतात. ते आजच्या हिब्रूसाठी चांगले आहेत, पण तआमीमसह जुना करार छापायचा तर एसबीएल किंवा एझ्राच घ्या.

भाषा बदलायला विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबायचा. तुमच्या यादीत मराठी, इंग्रजी, हिब्रू, ग्रीक अशा चार भाषा होतील. त्याहून जास्त ठेवू नका, हात अडखळतो.

आता हात चालवून बघू. हिब्रूत बायबलचा पहिलाच शब्द घ्या, बरेशीथ. हिब्रू कीबोर्डची रचना इस्राएलमधल्या टाइपरायटरची आहे, इंग्रजी उच्चारांशी तिचा संबंध नाही. बेथ आहे इंग्रजी सी च्या बटणावर, रेश आर वर, आलेफ टी वर, शिन ए वर, योद एच वर आणि ताव स्वल्पविरामाच्या बटणावर. म्हणजे सी, आर, टी, ए, एच, स्वल्पविराम असं ओळीने दाबलं की शब्द उजवीकडून डावीकडे उमटत जातो. चिन्हांसह हवा असेल तर प्रत्येक व्यंजन टाइप केल्याबरोबर त्याची चिन्हं द्यायची. बेथ, मग दागेश, मग शेवा. रेश, मग त्सेरे. आलेफला काही नाही. शिन, मग शिनचा ठिपका, मग हिरिक. योद, ताव. क्रम हाच ठेवा: व्यंजन, शिन-सिनचा ठिपका, दागेश, स्वर, शेवटी तआम. कोणतं चिन्ह कुठे आहे ते पाठ होईपर्यंत विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून ठेवा आणि उजवं ऑल्ट दाबून बघा, चिन्हं समोर दिसतात.

ही रचना अवघड वाटत असेल तर सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरच्या संकेतस्थळावर बायबलच्या हिब्रूसाठी वेगळे कीबोर्ड मिळतात. त्यातला एसआयएल या संस्थेचा कीबोर्ड उच्चारांवर बेतलेला आहे. आठवड्याला चार-पाच शब्द टाइप करणाऱ्याने तोच घ्यावा. रोजचं काम असेल तर इस्राएली रचना शिका, कारण ती कुठल्याही कॉम्प्युटरवर आयती मिळते.

ग्रीक त्यामानाने सोपं आहे, बहुतेक अक्षरं उच्चाराच्या जागीच आहेत. वेगळी लक्षात ठेवायची ती थोडी: थीटा यू वर, ओमेगा व्ही वर, क्साय जे वर, प्साय सी वर, ईटा एच वर, काय एक्स वर. शब्दाच्या शेवटचा सिग्मा डब्ल्यू वर आहे, तो आपोआप बदलत नाही, स्वतः द्यावा लागतो. योहानाच्या शुभवर्तमानातला लोगोस टाइप करायचा तर एल, मग स्वराघाताचं बटण आणि ओ, मग जी, ओ, आणि शेवटी डब्ल्यू. चिन्ह स्वराच्या आधी दाबायचं असतं. बटण दाबल्यावर स्क्रीनवर काही दिसत नाही, स्वर दाबला की दोन्ही एकत्र उमटतात. हिब्रूत चिन्ह नंतर, ग्रीकमध्ये आधी, हा फरक बोटांत भिनायला थोडे दिवस जातात. मऊ श्वासचिन्ह इंग्रजी एकेरी अवतरणाच्या बटणावर आहे आणि शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की जोरदार श्वासचिन्ह येतं.

आता खरी गाठ: एकच खाना, दोन लिप्या

वर्डमध्ये कंट्रोल-डी दाबा. फॉन्टची खिडकी उघडते आणि तिच्यात दोन भाग दिसतात: वर ‘लॅटिन टेक्स्ट’, खाली ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’. इंग्रजी आणि ग्रीक वरच्या भागातला फॉन्ट घेतात. मराठी खालच्या भागातला घेते, आणि कीबोर्डने टाइप केलेलं हिब्रूही खालच्याच भागातला घेतं. इंग्रजीत लिहिणारा माणूस वर टाइम्स आणि खाली एसबीएल हिब्रू ठेवून मोकळा होतो. आपल्याला ते चालत नाही. खाली एसबीएल हिब्रू ठेवला तर मराठी त्यात नाही, आणि टिरो देवनागरी ठेवला तर हिब्रू त्यात नाही. नसलेलं अक्षर वर्ड कुठून तरी उचलून आणतं, आणि ते कुठून आणेल हे दर कॉम्प्युटरवर वेगळं असतं. घरी सुंदर दिसलेलं पान कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बिघडतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

यावर उपाय कॅरेक्टर स्टाइल. प्रत्येक शब्द सिलेक्ट करून फॉन्ट बदलत बसू नका. एकदा स्टाइल तयार करा:

१. होम टॅबवरच्या स्टाइल्सच्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबा, खाली ‘न्यू स्टाइल’ निवडा.
२. नाव द्या ‘हिब्रू’, आणि स्टाइलचा प्रकार ‘कॅरेक्टर’ करा. पॅराग्राफ ठेवलात तर सगळा परिच्छेद बदलेल.
३. फॉरमॅट, मग फॉन्ट. इथे लॅटिन आणि कॉम्प्लेक्स दोन्ही भागांत एसबीएल हिब्रू निवडा. वेबसाइटवरून चिकटवलेलं हिब्रू कधीकधी वर्ड लॅटिनच्या भागात मोजतं, म्हणून दोन्हीकडे.
४. कॉम्प्लेक्सचा आकार मराठीपेक्षा दोन पॉइंटने मोठा ठेवा. मराठी १२ तर हिब्रू १४. एवढं केलं नाही तर सेगोल आणि त्सेरे ही ठिपक्यांची स्वरचिन्हं छापील पानावर ओळखू येत नाहीत.
५. फॉरमॅट, मग लँग्वेज. हिब्रू भाषा निवडा आणि ‘डू नॉट चेक स्पेलिंग’ला टिक करा, म्हणजे लाल रेघा जातील.
६. फॉरमॅट, मग शॉर्टकट की. तुम्हाला आठवेल असं एक जोडबटण द्या.

‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ हा भागच दिसत नसेल तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये लँग्वेजखाली मराठी आणि हिब्रू जोडलेल्या आहेत का ते बघा.

‘ग्रीक’ नावाची दुसरी स्टाइल अशीच करा. तिथे लॅटिन भागात एसबीएल ग्रीक किंवा जेंटियम प्लस द्या. मराठीचा फॉन्ट ‘नॉर्मल’ या मूळ स्टाइलमध्ये ठरवा. आणि हे एक पथ्य कायम पाळा: सगळं लिहून झाल्यावर कंट्रोल-ए करून फॉन्ट बदलू नका. हाताने दिलेला फॉन्ट कॅरेक्टर स्टाइलवर मात करतो आणि सगळी मेहनत एका क्लिकमध्ये पुसली जाते. जमा करायच्या आदल्या रात्री ‘सगळं एकसारखं करून टाकू’ म्हणून नेमकं हेच केलं जातं. फॉन्ट बदलायचाच असेल तर नॉर्मल स्टाइल बदला, हिब्रू-ग्रीकला धक्का लागणार नाही.

ठळक अक्षरांचा मोह टाळा. एसबीएल हिब्रू एकाच जाडीत आहे. ठळक केलं की वर्ड ते कृत्रिमपणे फुगवतं आणि ठिपके एकमेकांना चिकटतात. जोर द्यायचा तर शब्द वेगळ्या ओळीवर घ्या.

वर्ड विकत घेणं परवडत नसेल तर लिब्रेऑफिस घ्या, ते मोफत आहे आणि या कामाला पुरेसं आहे. तिथे या खान्याचं नाव सीटीएल आहे, आणि मराठी व हिब्रू तिथेही त्याच एका खान्यात पडतात. कॅरेक्टर स्टाइलचा उपाय तोच. गूगल डॉक्समध्ये मात्र स्वतःचा फॉन्ट चढवता येत नाही, त्यामुळे कच्चा मसुदा तिथे लिहा, अंतिम मांडणी वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये करा.

ओळींमधलं अंतर ‘सिंगल’ ठेवलं तर हिब्रू शब्द असलेली ओळ खाली सरकते आणि पान खालीवर दिसतं. परिच्छेदाच्या खिडकीत ‘एक्झॅक्टली’ निवडून २२ पॉइंटपासून सुरुवात करा. वरची तआमीम चिन्हं कापली जाताहेत असं दिसलं तर एकेक पॉइंट वाढवा.

उजवीकडून डावीकडे

मराठी वाक्यात हिब्रू शब्द आला की कॉम्प्युटर दिशा स्वतः सांभाळतो. घोळ होतो तो शब्दाला लागून येणाऱ्या कंस, पूर्णविराम आणि अंकांपाशी, कारण यांना स्वतःची पक्की दिशा नसते.

इथे देवनागरी अंक आपल्याला मोठी मदत करतात. युनिकोडच्या नियमांत इंग्रजी अंकांची दिशा दुबळी मानली आहे, ते शेजारच्या अक्षरांच्या प्रवाहात ओढले जातात. हिब्रू शब्दानंतर इंग्रजी अंकांत अध्याय आणि वचन लिहिलं तर ते ब्राउझरमध्ये, ईमेलमध्ये, लिब्रेऑफिसमध्ये उडी मारून शब्दाच्या डावीकडे जाऊन बसतं. हिब्रू कीबोर्ड चालू ठेवून अंक टाइप केले तर वर्डमध्येही असंच होतं. देवनागरी अंकांची दिशा मात्र पक्की, डावीकडून उजवीकडे ठरलेली आहे. त्यामुळे हिब्रू शब्दापुढे उत्पत्ती १:१ किंवा नुसतं १:१ देवनागरीत लिहिलं तर ते जागचं हलत नाही. मराठी निबंधात संदर्भ मराठी अंकांत द्यायला हे आणखी एक ठोस कारण आहे.

कंस आणि विरामचिन्हांसाठी सवय अशी लावा: हिब्रू शब्दाचं शेवटचं अक्षर टाइप झालं की स्पेससुद्धा न देता आधी मराठी कीबोर्डवर या, मग स्पेस, स्वल्पविराम, कंस जे काय ते द्या. तरीही कंस उलटा झाला तर हिब्रू शब्दानंतर ‘डावीकडून उजवीकडे’ अशी दिशा सांगणारी अदृश्य खूण घाला. वर्डमध्ये इंग्रजी कीबोर्डवर २००ई टाइप करून लगेच ऑल्ट-एक्स दाबा. अंक इंग्रजीच हवेत, देवनागरी अंकांवर ऑल्ट-एक्स चालत नाही.

पूर्ण वचन वेगळ्या परिच्छेदात द्यायचं असेल तर परिच्छेदाचीच दिशा बदला. होम टॅबवर उलट्या बाणाचं बटण असतं, किंवा कंट्रोलबरोबर उजवीकडचं शिफ्ट. नुसतं उजवीकडे अलाइन करून भागत नाही, पूर्णविराम चुकीच्या टोकाला जातो.

दोन हिब्रू शब्द जोडणारी वरची आडवी रेघ म्हणजे मक्केफ. त्या जागी साधा हायफन देऊ नका, तो खाली बसतो आणि शब्दांचा क्रमही बिघडवू शकतो. मक्केफचा कोड ०५बीई, त्यापुढे पुन्हा ऑल्ट-एक्स. वचनाच्या शेवटचा सोफ पासुक कोलनसारखा दिसतो, पण त्याचा स्वतंत्र कोड ०५सी३ आहे.

कॉपी-पेस्ट आणि शोध

अख्खं वचन हाताने टाइप करायची गरज नसते. वेस्टमिन्स्टर लेनिनग्राड कोडेक्स हा जुन्या कराराचा हिब्रू मजकूर युनिकोडमध्ये मोफत मिळतो. त्याचा आधार असलेलं हस्तलिखित अकराव्या शतकाच्या आरंभीचं आहे. ग्रीक नव्या करारासाठी मायकेल होम्स यांनी संपादित केलेली २०१० ची एसबीएल आवृत्ती मोफत आहे. केंब्रिजच्या टिंडेल हाउसच्या स्टेपबायबलवर दोन्ही भाषांतला मजकूर शब्दार्थांसह बघता येतो. तिथून घेताना वर्डमध्ये ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ने चिकटवा, मग तुमची स्टाइल लावा. पीडीएफमधून हिब्रू कॉपी करणं टाळा, तिथून अक्षरं उलटी किंवा चिन्हं विस्कटून येतात.

शोधताना एक बारकी अडचण येते. ग्रीकमध्ये स्वराघात असलेल्या अल्फाचे दोन कोड आहेत, ०३एसी आणि १एफ७१. दिसायला सारखेच. एका साइटवरून पहिला आला आणि तुमच्या कीबोर्डने दुसरा दिला, तर शब्द समोर दिसत असूनही शोधात सापडत नाही असं होऊ शकतं. शंका आली तर अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा, कोड दिसतो. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षर परत येतं. संपूर्ण निबंधात एकच ठेवा, आणि तो ०३एसीचा ठेवा, कारण युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे सारख्या मजकुराचे कोड एकसारखे करण्याची ठरलेली पद्धत, दुसऱ्याला पहिल्यात बदलतं.

हेच प्रमाणीकरण हिब्रूत चिन्हांचा क्रम बदलतं. यरुशलेममधले दोन स्वर त्यामुळे अदलाबदल होऊ शकतात. म्हणून जाणकार लोक पताह आणि हिरिक यांच्या मध्ये ०३४एफ हा अदृश्य जोडकोड घालतात. चिकटवलेल्या मजकुरात तो असेल तर बॅकस्पेस दाबताना एक दाबणं ‘वाया’ गेल्यासारखं वाटेल. ते काढू नका.

वर्डच्या फाइंडमध्ये ‘मॅच डायाक्रिटिक्स’वरची टिक काढली की निक्कुदकडे दुर्लक्ष करून फक्त व्यंजनांवर शोध घेता येतो.

जुन्या फाइली

एसपी टायबेरियन वगैरे फॉन्टमधल्या नोट्स युनिकोडमध्ये आणायच्या तर आधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा. कंट्रोल-एच उघडून ‘मोअर’मधून फॉन्ट निवडला की त्या फॉन्टमधला मजकूर कुठे कुठे आहे ते शोधता येतं. पन्नासेक शब्दांपर्यंत असेल तर सरळ पुन्हा टाइप करा किंवा वचन बघून मोफत मजकुरातून उचला, तेच लवकर होतं. मोठी फाइल असेल तर एसआयएल कन्व्हर्टर्स हे मोफत साधन आहे. हिब्रूच्या बाबतीत कोड बदलणं आणि शब्दाची दिशा उलटवणं अशी दोन कामं असतात, म्हणून रूपांतरानंतर प्रत्येक वचन छापील प्रतीशी ताडून बघावंच लागतं.

छपाई

झेरॉक्सच्या दुकानात वर्डची फाइल नेऊ नका, पीडीएफ न्या. वर्डमधून पीडीएफ काढताना ऑप्शन्समध्ये पीडीएफ/एला टिक करा, म्हणजे फॉन्ट फाइलच्या आत बांधले जातात. मग पीडीएफ रीडरच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्सच्या यादीत प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ लिहिलंय ना, ते बघा. मार्गदर्शकांना वर्डचीच फाइल पाठवायची असेल तर ऑप्शन्समध्ये ‘सेव्ह’खाली ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ चालू करा.

पुस्तक छापायला दिलंत तर महाल-इतवारीकडच्या कुठल्याही छापखान्यात बोलणी करतानाच एक प्रश्न विचारा: पानं कशात लावणार? उत्तर पेजमेकर असेल तर त्यात युनिकोड चालत नाही. तुमची मराठीही तिथे जुन्या फॉन्टमध्ये बदलली जाईल आणि हिब्रू नुसते प्रश्नचिन्ह होऊन उरेल. अशा ठिकाणी स्वतः पूर्ण पानांची पीडीएफ तयार करून द्या. इनडिझाइन असेल तर ऑपरेटरला परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायला सांगा. तो नसेल तर मराठीची जोडाक्षरं तुटतात आणि हिब्रूची चिन्हं अक्षरांवरून घसरतात. कोरलड्रॉमध्ये मुखपृष्ठ होत असेल तर त्यावरचा हिब्रू शब्द ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’ करून घ्या, पण तो बरोबर आहे हे आधी तपासून, कारण नंतर तो नुसतं चित्र असतो.

प्रूफ कागदावर मागा, मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवर होकार देऊ नका. मराठीचं प्रूफ कुणीही वाचेल, हिब्रू-ग्रीकचं तुम्हालाच वाचावं लागेल. बेथ आणि काफ, दालेथ आणि रेश, हे आणि हेथ, वाव आणि झायिन या जोड्या एकेक करून बघा. शिनचा ठिपका उजवीकडे आणि सिनचा डावीकडे आहे ना, ते बघा. ग्रीकमध्ये शब्दाच्या शेवटचे सिग्मा, शब्दाच्या आरंभी येणाऱ्या स्वरांवरची श्वासचिन्हं आणि खालचे छोटे आयोटा तपासा. गळालेला स्वर दाखवणारं लोपाचं चिन्ह वळलेलं उजवं अवतरण असायला हवं, तिथे सरळ खूण राहून गेली असेल तर बदला. शेवटी ज्या ज्या ओळीच्या टोकाला हिब्रू वाक्य तुटलं आहे ती ओळ मोठ्याने वाचा: पहिला शब्द वरच्या ओळीत आणि पुढचे खालच्या ओळीत यायला हवेत. ते तसे नसतील तर त्या जागी जुन्या फॉन्टमधला उलटा मजकूर शिल्लक आहे. तो बदलून त्या पानाचं प्रूफ पुन्हा काढायला सांगा.